चितेगावचा पत्ता

मिसारवाडी, छत्रपती संभाजीनगर
११ ऑगस्ट २०२५

साळूबाई,

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, हे नक्की. कारण हंडा घेऊन आत येताना मी तुमच्या सत्यमच्या पायावर पाय देता देता राहिले. दाराशी आडवा झोपला होता, तोंडावरून पांघरूण. त्याच्या उशाशी तुमच्या दादांची खाट. आठवड्यानं पाणी आलं होतं, म्हणून मी आधी टाकी भरली, मग कोठी, मग पातेली, शेवटी पेलेसुद्धा. पाणी होतं तोवर ह्यांचे झारे आणि कढया घासून घेतल्या. आदल्या दिवशी हर्सूलच्या लग्नातून आल्या होत्या, बुंदीचा पाक वाळून बसला होता. सगीराभाभी बाहेरून ओरडत होती, "आवडाभाभी, पाइप छोडो, हमारा भी घर है!" तुमचे दादा खाटेवर उठून बसले, टॉवेल तोंडाशी धरला आणि म्हणाले, "खिडकी लाव. बायका नळावर हायेत." हात ओले होते, मी कोपरानं खिडकी लावली. मग ते खोकले. सत्यम कूस बदलून पुन्हा झोपला. मी चहा टाकला.

एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आज पुन्हा पाणी आलं आणि हात कामात असताना ती सकाळ आठवली, म्हणून लिहायला बसले.

चैत्रात तुमचे दादा गेले. तेराव्याला तुम्ही आमच्या दारात उभ्या राहून जे बोललात ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. तुमचा राग खोटा नव्हता. माझा फोन तुमच्याकडं लागत नाही, म्हणजे नंबर बंद करून ठेवला असणार. म्हणून पत्र. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. वाण्याच्या पुड्यांवरचं वाचून शिकलेल्या बाईचं अक्षर असंच असायचं. तुम्ही हसायचात, पण आता ते कामाला आलं. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा सत्यमच वाचून दाखवत असेल.

तो कंपनीत रोज जातो का? नीट जेवतो का? गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं राहून शिकत होता, तेव्हा तीन भाकऱ्या खायचा आणि चौथीला लाजायचा. सगीराभाभीचा इम्रान आता त्याच्याच कंपनीत लागलाय. त्यानं एकदोन गोष्टी सांगितल्या. पण मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तुमच्या मोनिकाचं लग्न सोयगावला जमलं असंही कळलं. बरं झालं.

तुमची वहिनी,
आवडा


२ सप्टेंबर

साळूबाई,

उत्तर आलं नाही. वाट पाहिली, आता पुन्हा लिहिते.

आमच्या भागात संध्या नावाची आरोग्याची बाई येते. निळी पिशवी, पायात स्पोर्टचे बूट आणि वर साडी. घरोघरी विचारते, खोकला किती दिवसांचा आहे, ताप येतो का, वजन उतरलं का. संशय आला तर थुंकीची डबी देते. दमली की आमच्या ओट्यावर टेकते. परवा कोपऱ्यावरचा टपरीवाला शिवराज तिला म्हणाला, "संध्याताई, लोकांची थुंकी गोळा करायची म्हणजे काय नशीब म्हणायचं तुमचं!" ती म्हणाली, "तुम्ही भिंतीवर फुकट देता, तीच डबीत मागते. एवढी जड जाते का?" सगीराभाभी हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "पहले मेरी सास को पूछो. वो तो मेरी शादी के पहले से खांसती है, खास मुझे जगाने को."

संध्या अशी हसवत विचारते, म्हणून लोक सांगतात. पण मग तिनं विचारलं, या गल्लीत वर्षभरात टीबीनं कोणी गेलं का? सगळ्या म्हणाल्या, नाही. सगीराभाभीही म्हणाली, नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. संध्यानं फोनमध्ये बघितलं. तिच्याकडंही आमच्या गल्लीत टीबीचं मरण नाही. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते.

मरण पत्त्यावर मोजतात, साळूबाई. आणि तुमच्या दादांनी दवाखान्यात पत्ता चितेगावचा दिला होता, तुमच्या दाराचा. का दिला, ते तेराव्याला तुम्ही ऐकून घेतलं नाही, आता ऐका. आचाऱ्याला टीबी आहे म्हटल्यावर त्याच्या हातची बुंदी कोण खाणार? आमच्या गल्लीत पिशवीवाली बाई आली असती तर दुसऱ्या दिवशी मिसारवाडीपासून हर्सूलपर्यंत माहीत झालं असतं. म्हणून ते बहिणीला भेटायला म्हणून तुमच्याकडं यायचे, तिथल्या दवाखान्यातून गोळ्या घ्यायचे, आणि तुम्हाला दम्याच्या म्हणून सांगायचे. बहिणीच्या गावात आपल्याला कोण ओळखतं, असा त्यांचा हिशेब. बहिणीला सगळे ओळखतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गोळ्या लागू पडत होत्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. मग लग्नं सुरू झाली. गोळ्या तिथं आणि माणूस इथं भट्टीपुढं. आज जातो, उद्या जातो करत राहिले. ते आले नाहीत म्हणून तिथली बाई शोधत तुमच्या दारी आली, आणि नेमकी लासूर स्टेशनची मंडळी मोनिकाला बघायला बसली होती तेव्हा. "आप्पासाहेब इथंच राहतात ना, टीबीचे?" असं तिनं विचारलं म्हणे. तिचंही काय चुकलं? तिच्याकडं पत्ता तोच होता.

आता मुख्य लिहिते. संध्यानं मला घरात नेऊन विचारलं, त्या हिवाळ्यात या खोलीत कोण कोण झोपायचं? बायका गेल्यावर तिला मी तुमच्या दादांचं सगळं सांगितलं होतं. का, ते नंतर कधी लिहीन. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, आणखी? मी म्हटलं, सांगते.

सत्यमचं नाव मी दिलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. पण इम्रान म्हणतो, तो मशीनवर उभा राहून खोकतो आणि कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय.

आम्ही त्याला जपलं नाही असं समजू नका. तुमच्या दादांचं ताट, पेला, तांब्या, सगळं मी वेगळं ठेवलं होतं. सत्यमनं चुकून त्या पेल्याला हात लावला तर मी ओरडायचे. संध्या म्हणते, टीबी पेल्यातून जात नाही, हवेतून जातो. दार-खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात. आणि आम्ही खोकला बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली होती.

त्याची थुंकी तपासा. एक एक्स-रे काढा. माझ्यावरचा राग नंतर काढा.

वहिनी


१९ सप्टेंबर

सत्यम,

पाकिटावर आईचं नाव आहे, पण हे पत्र तुला आहे. मनात वाच.

आधीची दोन पत्रं तू आईला पूर्ण वाचून दाखवलीस की मधली वाक्यं गाळलीस, मला माहीत नाही. तुझ्या जागी मी असते तर गाळली असती.

मला टीबी आहे. ज्येष्ठात कळलं. तुमच्या कोणाला सांगितलं नाही, कारण तुझ्या आईला वाटलं असतं, वहिनी दुखणं दाखवून सहानुभूती मागते. खोकला मलाही धुराचा वाटायचा. संध्यानं डबी दिली, त्यात निघाला. या वेळी पत्ता इथलाच दिला, दरवाज्यावरचा नंबर बघून नीट लिहिला. गोळ्या सकाळी घेते. त्यांनी लघवी लालसर होते. पहिल्या दिवशी मी घाबरून संध्याला बोलावलं, तर ती म्हणाली, "मावशी, ते औषधाचं आहे. लाल नाही झाली तर मी येईन विचारायला, गोळी टाकून दिली का म्हणून." तोंडाला चव नव्हती, मळमळायचं. आता भूक लागते. मी माळकरणीची लेक, अंड्याला कधी शिवले नव्हते. सगीराभाभी उकडून आणून देते आणि मी तुझ्या मामांच्या फोटोकडं पाठ करून खाते.

पहिले काही आठवडे तोंडाला रुमाल बांधून होते. आता माझ्यापासून कोणाला लागण नाही असं डॉक्टरनी सांगितलंय. संध्या म्हणते मावशी आता संध्याकाळी ओट्यावर बसत जा, लोकांना दिसू द्या. मी बसते. पहिल्यांदा दोघी-तिघी रस्ता बदलून गेल्या. आता त्यातलीच एक मला विचारायला येते, गोळी जेवणाआधी की नंतर. तिच्या नवऱ्यालाही निघालाय.

तुला भीती कशाची आहे ते मला कळतं. तुझे मामा त्याच खोलीत तुझ्या डोळ्यांपुढं झिजले. पण ते औषधानं गेले नाहीत, औषध सुटल्यानं गेले. माघात ते उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जात होते, तू बरोबर जायचास. ते दिवस आठव, शेवटचे आठवू नकोस.

संध्याकाळी ताप येतो का? खोकल्याबरोबर रक्त पडतं का? मला खोटं सांगितलंस तरी चालेल, स्वतःला सांगू नकोस.

मामी


चितेगाव
२८ सप्टेंबर

आवडामामी,

आई सांगती तसं लिहितोय. मधे माझं काय बी नाय.

"वहिनी, तुमच्या पत्रांनी माझ्या जिवाला घोर लावलाय. माझ्या लेकराला काय बी झालं नाय. कंपनीत धूळ हाय, धुळीनं खोकतो. (मी गप्प हाय. हे तीच बोलली.) दादानं माझ्या दाराचा पत्ता दिला तवा मला इचारलं व्हतं का? लासूरची मान्सं पोह्याच्या बशा तशाच ठेवून उठली. मोनिका आत डोक्यावर पदर घेऊन बसलेली. मान्सं गेली तरी पोरगी पदर काढंना. ते तुम्ही बघितलं नाय, मी बघितलं. आता सोयगावची सोयरीक हाय. पोरगा इंद्रजीत, गरीब सोभावाचा हाय. दिवाळीनंतर लगीन. तवर आमच्या दारी पिशवीवाली बाई दिसली तर मी इहिरीत उडी घेईन. (आमच्याकडं विहीर नाय, मामी.) लगीन झाल्यावर बघू काय ते. लिहिलं का? सगळं लिही. आन् अंडी खाता म्हणं. चांगलं हाय. खावा. आमची आई जिती असती तर चूल धुवायला लावली असती."

मामी, हे माझं. तुमचं तिसरं पत्र पण मी आईला वाचून दाखवलं. मनात वाचून बघितलं, पण जमलं नाय. ऐकून ती लई वेळ पीठ मळत बसली, पार सैल होईस्तोर. मग म्हणाली, वहिनीला लिही.

ताप येतो. रक्त एकदा आलं.

आई म्हणती असं करू. मी तुमच्याकडं येऊन तपासून घेतो, पण पत्ता तुमच्या घराचा लिहायचा. मी राहणार इथंच. गोळ्या इम्रानच्या हाती पाठवायच्या. आई म्हणती, दादानं आमचा पत्ता वापरला, आता आम्ही त्याचा वापरतो. फिटंफाट.

चालेल का ते कळवा. लवकर कळवा.

सत्यम


४ ऑक्टोबर

साळूबाई,

चालणार नाही.

पत्र वाचून मी आधी संध्याकडं जायला चप्पल घातली होती. मला वाटलं, पोरगा तपासून घ्यायला तयार झालाय, पत्त्याचं काय घेऊन बसायचं? मग चप्पल काढून बसले. हेच तुमच्या दादांनी केलं होतं. त्यांनाही वाटलं होतं, महिन्यातून एक चक्कर, त्यात काय अवघड. इम्रानची पाळी बदलेल, तो सुट्टी घेईल, सत्यमला वाटेल आता बरं वाटतंय, दोन दिवसांनी घेऊ. मी एकदा ते दोन दिवस बघितलेत.

माझा पत्ता द्यायचा असेल तर त्यानं माझ्याकडं राहायला यायचं. औषध पुरं होईस्तोवर. कंपनीला सध्या सुट्टी टाकील, नंतर इम्रानबरोबर इथूनच जाईल-येईल. गोळी माझ्यासमोर घेईल, मी त्याच्यासमोर घेईन. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, विधवा मामी एकटी आहे, सोबतीला गेलाय. ते काही खोटं नाही.

आता दुसरं. त्याच्याबरोबर एका घरात तुम्ही, तुमचे मालक फकिरराव आणि मोनिका राहताय. मोनिका उद्या सोयगावच्या घरात जाईल. तिथं लहान लेकरं असतील. तेव्हा तुमचीही तपासणी व्हायला पाहिजे. तुमच्या दारी कोणी यायला नको ना? मग तुम्ही माझ्या दारी या. मोनिकाचं केळवण मामीनं करायचं असतं. भाची लग्नाआधी मामाच्या घरी जेवायला गेली तर चितेगावात कोणी बोट दाखवणार नाही. नाही गेली तर विचारतील. मी पुरणपोळी करीन, कटाची आमटी करीन. मी ओटी भरायची नसते, तर संध्या भरील. ती सवाष्ण आहे आणि तिला मी विचारलंय. आधी ती तुम्हाला एक्स-रे काढायला घेऊन जाईल, मग आपण जेवू.

फसवून बोलावत नाही, म्हणून सगळं आधीच लिहिलं. मोनिकालाही वाचून दाखवायला सांगा. तिचं लग्न आहे, तिला कळू द्या.

साडी घेतली आहे. जांभळी. आवडली नाही तर दुकानदार बदलून देतो.

सत्यमला मात्र केळवणापर्यंत थांबवू नका. पत्र मिळेल त्या दिवशी कपडे घेऊन पाठवा. पैठण रोडनं येऊन महानुभाव आश्रमाजवळ उतरला तर मी तिथं येईन. त्याला एकट्याला डबी घ्यायला लागू नये.

वहिनी


१६ ऑक्टोबर

साळूबाई,

परवाच तुम्ही जेवून गेलात आणि आज पत्र, म्हणून हसू नका. तुम्ही रिक्षात बसताना जे बोललात त्याला मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर तोंडानं लवकर सुचत नाही.

आधी तब्येतीचं. सत्यमच्या थुंकीत निघालं ते तुम्हाला माहीत आहे. गोळ्यांना आठवडा होत आला. दोन दिवस उलट्या झाल्या, आता कमी आहेत. पहिल्या सकाळी तोही न्हाणीतून घाबरून बाहेर आला. मी आधी सांगितलं होतं तरी. तुम्हा दोघींच्या एक्स-रेत काही नाही, हे संध्यानं पुन्हा डॉक्टरना विचारून सांगितलं. पण फकिरराव चष्मा सापडेना म्हणून आले नाहीत. त्यांना पाठवा. एक्स-रेला चष्मा लागत नाही म्हणावं.

मोनिकाचा मला अभिमान वाटला. तुम्हाला त्या वेळी तसं वाटलं नसेल. आपण जेवत होतो आणि ती पोळीवर तूप घेत सहज म्हणाली, "मी इंद्रजीतला काल सांगितलं. मामांचं पण, सत्यमचं पण." तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही विचारलंत, "आन् तो काय म्हनला?" ती म्हणाली, "आईला विचारून सांगतो म्हनला." तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "इचारून सांगतो म्हंजे गेलं! वहिनी, गेलं बगा हे बी!" आणि मोनिका म्हणाली, "गेलं तर जाऊ दे ना. तो मला न इचारता आईला इचारतो, हे तरी आत्ता कळलं." संध्या तोंड फिरवून हसत होती. सत्यम तेवढा रडला. मग मोनिकानं त्याच्या ताटात स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी टाकली. तुम्ही "अगं, उष्टं" म्हणायला गेलात आणि थांबलात. मी ते बघितलं.

इंद्रजीतचा फोन अजून आला नसेल. मलाही धाकधूक आहे. लग्न मोडलं तर तुम्ही पुन्हा माझा नंबर बंद कराल, हे मला माहीत आहे. तरी मोनिकानं सांगितलं ते बरोबर केलं असंच मी म्हणेन.

रिक्षात बसताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "लेकरू सांभाळता, केळवण केलं, सगळं केलं वहिनी. पण दादा अजून माझ्याच दारात मेलेला हाय. सरकारच्या लेखी माझ्याच घरातलं मरण हाय ते." रिक्षा सुटली.

घरात आले तेव्हा सत्यम भांडी घासत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या मामांनी इथं प्राण सोडला. सगळी गल्ली खांदा द्यायला आली, कशानं गेले ते विचारलं तर मी छातीचं दुखणं म्हटलं. या गल्लीत टीबीनं कोणी गेलं नाही म्हणून लोक निवांत आहेत. तो म्हणाला, "मामी, नाव निघालं तर लोक तुमच्याशी कसं वागतील?" मी म्हटलं, मी ओट्यावर बसतेच आहे, आता कसं वागायचं ते त्यांना ठरवू दे. मग शेजारी जाऊन आधी सगीराभाभीला सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भाईसाब ने हमारी शबाना की शादी का खाना पकाया था." मी म्हटलं, हो, तेव्हा त्यांना होता. ती उठली, सासूला म्हणाली, "अम्मी, कल संध्या को डिब्बी दे देना," आणि मला चहा दिला. कपात दिला, रोजच्याच.

दुसऱ्या दिवशी मी सत्यमला भाकरी वाढली, त्यानं गोळ्या घेतल्या ते पाहिलं, मी माझ्या घेतल्या, आणि संध्याबरोबर त्यांच्या ऑफिसात जाऊन, आप्पासाहेबांचं मरण चितेगावच्या पत्त्यावरून काढून मिसारवाडीत आमच्या घराच्या पत्त्यावर लिहावं, असा अर्ज माझ्या हातानं लिहून दिला.

वहिनी